मूठभर मोकळी जागा

जुळे सोलापूर,
२२ सप्टेंबर २०२४

चि. भुवीस मामाचा आशीर्वाद.

गणपती बुडाले, लाऊडस्पीकरचे हॉर्न उतरले, मंडपाची कापडं धुवायला गेली आणि माणूस मोकळा झाला. मोकळा झालो की आधी तुझी आठवण. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नको, इकडं सगळे धडधाकट आहेत. अक्षराला हसूही नको. उजव्या हाताचं पहिलं बोट जनरेटरच्या पट्ट्यानं निम्मं खाल्लं तेव्हापासून पेन माझं ऐकत नाही.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला तीन वाक्यांत वाटेला लावतेस. "हो मामा. जेवले मामा. ठेवते मामा." कागदाला 'ठेवते' म्हणता येत नाही. घरच्या ग्रुपमधनं तू निघून गेलीस. तुझा भाऊ म्हणतो, "भुवी कामात असंल." शिवूला काय, त्याला बैल रुसलेला कळतो, बहीण रुसलेली कळत नाही. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. दहा हॉर्न एकदम वाजत असले तरी कुठल्याचा पडदा फाटलाय ते मी रस्त्याच्या पलीकडनं सांगतो. तुझ्या 'बरी आहे मामा'तला पडदा फाटलाय.

फेब्रुवारीत अक्का गेली. तुझी आई, तुझी अव्वा गेली तशी माझी थोरली बहीणही गेली, हे मी तुला नव्यानं सांगायला नको. पण आजही वळसंगात चहाच्या टपरीवर बसलो की लोक म्हणतात, "शरणप्पा, तुझ्या बहिणीच्या मातीसारखी माती गावात झाली न्हाई बघ." शेवटच्या यात्रेच्या सजवलेल्या विमानात अक्का कशी राणीसारखी बसली होती! कपाळभर विभूती, मांडीवर बेलाचा ढीग. पुढं भजन, मागं आपल्या दुकानातल्या गुंडाचा टेम्पो, त्यावर आपले हॉर्न. आणि सगळ्यावर कळस म्हणजे तुझं बोलणं. माळशिरसच्या शाळेचा कुठलाही कार्यक्रम तुझ्या निवेदनाशिवाय होत नाही हे ऐकून होतो, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. म्हातारी माणसं रडली. माझ्या दुकानात फळीवर उभी राहून 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' करणारी तू एवढीशी पोर!

मग कशात कमी पडलो ते सांग. मधेच चहा संपला, ते लागलं? की सरपंचाचा हार आधी आणि तुझ्या सासऱ्यांचा नंतर झाला? ते गुंडानं केलं, मी त्याला तिथंच झापलं.

वर्षाच्या कार्यक्रमाला सगळी कसर भरून काढू. शेतात अक्काच्या समाधीवर शिवू काळ्या दगडाचा चौथरा, गदगी बांधतोय, गवंडी ठरला. मंडप माझा, साऊंड माझा, निवेदन तुझं. दुसऱ्या कुणाच्या हातात मी माइक देणार नाही.

जावईबापू सिद्धरामपंतांना नमस्कार. उत्तर लिही. फोन करू नको!

तुझा मामा,
शरणप्पा

*

माळशिरस,
९ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना नमस्कार, शरणु शरणार्थी.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून मला वाचता येतं, काळजी नसावी.

कशातही कमी नव्हतं. चहाचं मला कळलंही नाही. सासऱ्यांना हाराचं काही वाटलेलं नाही, ते उलट तुमच्या व्यवस्थेचं कौतुक करतात. तुम्ही एवढं सगळं केलंत, त्याबद्दल मी तेव्हा आभार मानलेच होते.

सहामाही परीक्षेचे पेपर समोर आहेत. फेब्रुवारीत आमच्याकडे स्नेहसंमेलन असतं, त्यामुळे वर्षाला येणं जमेल असं वाटत नाही. निवेदनासाठी शिवूच्या बायकोला, दानेश्वरीला सांगा, तिचा आवाज चांगला आहे. मी सध्या शाळेतलंही निवेदन सोडलंय. घशाचा त्रास आहे.

यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

एक विनंती. त्या दिवशीच्या माझ्या भाषणाची क्लिप ग्रुपवर आणि इतरांना पाठवू नका. परवा इथल्या एका बाईंनी ती मला दाखवली. त्यांना ती कुठून मिळाली कोण जाणे.

तुमची,
भुवनेश्वरी

*

जुळे सोलापूर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. भुवीस आशीर्वाद.

दिवाळीत वाट बघितली. फराळाचा डबा शिवूकडनं पाठवलाय, त्यात ज्येष्ठमधाची पुडी आहे. घसा असेल तर चघळ. घसा नसेल तर परत पाठव.

हसू नको. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलोय. कार्यक्रम झाल्यावर गिऱ्हाईक भांडलं, हॉर्न खरखरला म्हणालं, की समजायचं पुढच्या वर्षी परत येणार. आणि हात जोडून "कशातही कमी नव्हतं" म्हणालं की समजायचं, हे आपलं तोंड पुन्हा बघणार नाही. तू तेच वाक्य लिहिलंस. वर 'भुवनेश्वरी' म्हणून सही केलीस. एवढं लांब नाव मी तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत शेवटचं वाचलं होतं.

दुसरी गोष्ट सांगतो, ती तुझ्या पत्रापेक्षा जास्त टोचली. पाडव्याला वळसंगला गेलो होतो. चंद्रव्वा भेटली. अक्काच्या शेजारी बसून जन्मभर कडक भाकरी थापलेली बाई, तिचं तोंड तुला माहीत आहे. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "ये लाऊडस्पीकर, हिकडं ये. भुवीनं मातीची मूठ टाकली व्हय रे आईवर?"

मी म्हणालो, "टाकली की. लेक ती, न टाकून कशी राहील?"

"तू बघितलंस?"

"एवढ्या माणसांत कुणाकुणाचं बघू?"

"मी बघत हुते," ती म्हणाली. "मी खड्ड्याच्या काठाला बसून हुते शेवटपत्तूर. गावातल्या चोरापासनं सावकारापत्तूर समदे आले. ती पोरगी काय मला दिसली न्हाई. तिचा आवाज तेवढा येत हुता."

मी चंद्रव्वाला म्हणालो, तुला मोतीबिंदू झालाय. ती म्हणाली, "डोळ्याला झालाय, तुला कानाला झालाय." आणि भाकरी थापायला लागली.

तेव्हापासून झोपताना मी तो दिवस पहिल्यापासून फिरवून बघतोय. माणसं येतात, हार येतात, तू दिसतेस, तुझ्या हातात माइक दिसतो. तुझ्या हातात माती दिसत नाही.

चंद्रव्वा म्हातारी झालीय, एवढं एकदा लिहून पाठव. दुसरं काही लिहू नको.

तुझा मामा

*

माळशिरस,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

ज्येष्ठमध परत पाठवतेय.

चंद्रव्वाला मोतीबिंदू असेल, पण तिला बरोबर दिसलं.

तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून लिहीत नव्हते. आता तुम्हीच उकरलंत, तर ऐका. फोन आला तेव्हा मी वर्गात होते. हे गाडी घेऊन आले. सबंध रस्ताभर मी एकच विचार करत होते, की गेल्या गेल्या अव्वाच्या पदराला नाक लावायचं. तुम्हाला माहीत आहे तिच्या पदराचा वास, चुलीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा. मी लहानपणी त्यात तोंड घालूनच झोपायचे.

मी पोचले तेव्हा तिला भिंतीशी बसवलं होतं. हनुवटी बांधली होती. नवी इरकल नेसवली होती. मी नाक लावलं तर त्या लुगड्याला दुकानाचा वास आला. मी म्हणणार होते कुणाला तरी, की तिचं जुनं लुगडं आणा. तेवढ्यात तुम्ही आलात. माइक माझ्या हातात दिलात आणि कानाशी म्हणालात, "भुवी, मंडळी खोळंबलीत. दोन शब्द बोल. अक्काला बरं वाटंल."

मामा, माइक हातात आला की माझं काय होतं ते तुम्हीच मला शिकवलंय. पाठ सरळ होते. श्वास खाली जातो. आवाज येतो. मी उभी राहिले आणि म्हणाले, "उपस्थित सर्व मान्यवर, आप्तेष्ट आणि माझ्या दिवंगत मातोश्रींवर प्रेम करणाऱ्या बंधू-भगिनींनो." मातोश्री! जिला मी जन्मात अव्वाशिवाय हाक मारली नाही. आणि मराठीत. घरात आम्ही मराठी कधी बोललो? तिला माझं भाषण निम्मंसुद्धा कळलं नसतं. माळशिरसला रोज फोन करायची आणि एकच विचारायची, "ऊट आत?" जेवलीस का. त्या दिवशी मी तिच्याशी एक शब्द कानडीत बोलले नाही. तिच्याबद्दल बोलत राहिले. लोकांशी.

लोक रडले. मला दिसत होते रडताना. मनात आलं, छान चाललंय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

मग शेतात गेलो. तिला खाली बसवलं. स्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं. बेल, विभूती, मीठ. मग सगळे एकेक मूठ माती घालायला उठले, ढकलाढकली व्हायला लागली, आणि तुम्ही टेम्पोवरून मला खूण केलीत. मी रांग लावली, मामा. "सर्वांनी डावीकडून यावे, उजवीकडून बाहेर पडावे. घाई करू नये, सर्वांना संधी मिळेल." संधी म्हणाले मी! बक्षीस समारंभात म्हणते तसं. नावं पुकारली. अमुक पतसंस्थेचे चेअरमन, तमुक भजनी मंडळ. आणि शेवटी म्हणाले, "कुणी राहिलं आहे का?"

माइकवरून विचारलं. दोनदा विचारलं. कुणी हात वर केला नाही. मीही केला नाही. मला आठवलंच नाही की मी राहिलेय.

मग शिवूनं फावडं घेतलं आणि मी जाहीर केलं, सर्वांनी चहा घेऊन जावे.

त्या दिवसापासून मी रडलेले नाही. एक थेंब नाही. लोक सांत्वनाला आले की मी त्यांचं सांत्वन करते, चहा देते, पोचवायला फाटकापर्यंत जाते. संध्याकाळी फोनच्या वेळेला हात आपोआप मोबाइलकडे जातो, आणि आई गेली हे मला कुणीतरी बाहेरून सांगितलेल्या बातमीसारखं आठवतं. जुलैत शाळेत पालक मेळावा होता. मी माइक हातात घेतला, "हॅलो" म्हणाले, आणि हॉलच्या शेवटाकडून माझाच आवाज परत आला. तोच आवाज. पहिल्या रांगेत पालक बसले होते, मला अव्वा बसलेली दिसली. हनुवटी बांधलेली. मी माइक ठेवला आणि घसा बसला म्हणून सांगितलं.

तुमचा राग नाही. खरंच नाही. तुम्ही मला फक्त माइक दिलात, 'नको मामा' मला म्हणता आलं असतं. पण वर्षाला मला बोलावू नका. शिवूला म्हणावं, दगड लवकर बसव. एकदाचं बंद होऊ दे.

भुवी

*

जुळे सोलापूर,
२० डिसेंबर २०२४

चि. भुवी,

उत्तराला उशीर झाला. लग्नसराई आहे असं खोटं लिहिणार होतो. लग्नसराई आहेच, पण गुंडा बघतोय. मी तुझं पत्र खिशात घालून फिरत होतो.

तुला माइक का दिला ते सांगतो. समजूत म्हणून नको घेऊ, नुसतं ऐक. तू गाडीतनं उतरलीस तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. आमच्या लायनीत करंट जास्त व्हायला लागला की मशीन जळू नये म्हणून अर्थिंग देतात. मला वाटलं, ही बोलली तर मोकळी होईल, नाहीतर जळेल. मला दुसरं देता काय येतं, बाई? कुणी रडवेलं झालं की त्याच्या हातात माइक द्यायचा, एवढंच मी आयुष्यभर केलं. पहार मातीत ठोकावी लागते, तेव्हा कुठं अर्थिंग लागतं, हे चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो आणि घरच्या दिवशी विसरलो.

आता काय केलं ते सांगतो.

वर्षाचा कार्यक्रम रद्द. मंडप नाही, साऊंड नाही. स्वामी येतील, पूजा करतील, घरची माणसं जेवतील. शिवू माझ्यावर लई तापला. "लोक काय म्हणतील मामा? गावभर दुसऱ्याच्या बारशाला मंडप घालता आणि स्वतःच्या बहिणीच्या वर्षाला कापडाचा तुकडा न्हाई?" मी म्हणालो, "लोकांना सांग, मामा म्हातारा झाला, त्याला बांबू उचलवंना." तो म्हणाला, "तुमी कधी उचलला?" दानेश्वरी हसली म्हणून भांडण तिथंच थांबलं.

गदगीचं काम निम्मं झालंय. बाकी सगळे दगड बसले. पूर्वेच्या कोपऱ्यातला एक बसवू दिला नाही. गवंडी म्हणाला, "असं दात पडल्यासारखं काम मी कुटं केलं न्हाई." मी म्हणालो, "दगड शेजारी ठेव, मी सांगेन तेव्हा बसव." शिवूला सांगितलं की तिथं तुळस लावायचा विचार आहे. तिथं माती उघडी आहे. मूठभर जागा. खाली अक्का आहे.

तू वर्षाला येऊ नको. कधीही ये. कुणाला सांगू नको, मलाही नको. शेताला कुलूप नसतं. 'कुणी राहिलं आहे का' असं तिथं कुणी विचारणार नाही.

मामा

*

माळशिरस,
६ जानेवारी २०२५

ती. मामा,

पत्र बरेचदा वाचलं. यांनाही वाचायला दिलं. हे सकाळी उठून गाडीत पेट्रोल भरून आले.

पण मला भीती वाटते. तिथं गेले, माती टाकली, आणि काहीच झालं नाही तर? आता निदान असं म्हणता येतं की मूठ राहिली म्हणून असं झालंय. मूठ टाकूनही मी अशीच कोरडी राहिले तर मग माझ्यातच काहीतरी नाही असं होईल. तिची मी एकुलती एक लेक.

एक विचारू? तुम्ही माती टाकलीत तेव्हा तुम्हाला काय वाटलं? काही होतं का त्यानं? खरं सांगा.

भुवी

*

जुळे सोलापूर,
२५ जानेवारी २०२५

चि. भुवीस आशीर्वाद.

गड्ड्याची यात्रा झाली, आवाज करून करून कान किटले. यंदा पाळण्यांपाशी एका पठ्ठ्यानं एवढे मोठे साऊंडचे डबे लावले होते की माझ्या छातीवरची विभूतीसुद्धा हलली. त्याला म्हणालो, "बाबा, हे ऐकायला लावलंस का मारायला?" तो म्हणाला, "काका, जमाना बदलला." मी म्हणालो, "जमाना तोच हाय, बहिरा झालाय."

तुला एक गोष्ट सांगतो, तुझ्या जन्माच्या आधीची. पहिला हॉर्न घेतला तेव्हा माझ्याकडं सायकलसुद्धा नव्हती. शेजारच्या गावात जत्रा. हॉर्न मी खांद्यावर घेतला, बॅटरी कोण नेणार? अक्कानं चुंबळ केली आणि डोक्यावर घेतली. अख्ख्या वाटेत कानडीत शिव्या. "तुझ्या ह्या भोंग्याला कोण विचारतंय रे." बॅटरीचं पाणी सांडलं आणि लुगड्याला भोक पडलं. ते लुगडं तिनं ठिगळ लावून वर्षानुवर्षं नेसलं. कुणी विचारलं की सांगायची, "माझा भाऊ हितनं बोलतो."

ते लुगडं दानेश्वरीच्या ट्रंकेत आहे. मी बघून आलो. वास आहे अजून. चुलीचाच आहे.

तू घाबरतेस ते बरोबर आहे. पण काही झालं नाही तर काही झालं नाही. ज्वारी हुरड्यात आलीय. बसायचं, हुरडा खायचा, आल्या वाटेनं परत जायचं. आईकडं गेलं की दर वेळी काही व्हावं लागतं का? आपण आईकडं जेवायला जातो.

बाकी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणशील तर त्या दिवशी मी मशीनपाशी होतो, गर्दी फार होती, आता नीट आठवत नाही. वय झालं.

सिद्धरामपंतांना नमस्कार. पेट्रोल उडून जातं म्हणतात, त्यांना सांग.

मामा

*

माळशिरस,
२ मार्च २०२५

ती. मामा,

काल आम्ही येऊन गेलो.

वर्षाच्या दिवशी निघाले होते, पंढरपूरच्या पुढं गेलेही होते, आणि परत फिरवली गाडी. काल सकाळी उठले तर यांनी गाडी काढून ठेवली होती.

शिवूकडे गेलो नाही, त्याला नंतर सांगेन. फक्त दानेश्वरीला बाहेर बोलावून ते लुगडं तेवढं मागून घेतलं. ठिगळाचं लुगडं तिनं पिशवीतही घातलं नाही, तसंच माझ्या हातावर ठेवलं.

ज्वारी काढून झाली होती. रान मोकळं. हे बांधावर थांबले. मी एकटी गेले. काळे दगड उन्हात तापले होते. पूर्वेचा कोपरा तुम्ही लिहिला तसा उघडा, दगड शेजारी. मी खाली बसले, आणि मामा, तिथं आधीच कुणीतरी येऊन गेलं होतं.

माती भिजवून थापलेली होती, वाळून तिला बारीक भेगा गेल्या होत्या. बऱ्याच दिवसांपूर्वीची. त्यावर पंजा उमटलेला होता. उजवा. अंगठा, तीन बोटं पूर्ण, आणि पहिलं बोट निम्मं.

मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. मी माइकवरून विचारलं होतं ना, कुणी राहिलं आहे का. तुम्ही टेम्पोवर होतात, मशीनपाशी, माइकची शिट्टी वाजू नये म्हणून बटणावर हात ठेवून. तुमचाही हात वर झाला नाही. एवढ्या गावात आपण दोघंच राहिलो होतो, आणि सगळा आवाज आपला दोघांचाच होता.

कानडीत म्हणाले, "अव्वा, ना बंदे." मी आले. आवाज नीट आला नाही. हॉर्नवर लावला असता तर तुम्ही म्हणाला असतात, पडदा बदल. मग विचारलं, "ऊट आत?" तेवढं विचारलं, आणि मग मला काही कळलं नाही. लुगड्यात तोंड घालून मी ओरडले, मामा. गुरं ओरडतात तशी. हे बांधावरून धावत आले आणि थोडं अलीकडेच थांबले. शहाणे आहेत.

कधीतरी चंद्रव्वा आली. तिला कुणी सांगितलं माहीत नाही, कदाचित ऐकूच गेलं असेल. ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आली व्हय? आता रड. मी हाय हितं, मला काय काम न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझा मामा पण आलता. पौषात. चप्पल हातात घिऊन, चोरावानी. मला बघितलं तर म्हणाला, मोतीबिंदू हाय का अजून?"

तिनं तांब्यातलं पाणी दिलं. मी माती भिजवली आणि तुमच्या पंजाच्या शेजारी मूठ घातली. वर हात दाबला. तुमच्यापेक्षा माझा हात पुष्कळ लहान आहे. अव्वाएवढाच आहे, असं चंद्रव्वा म्हणाली.

घरी येताना मी मोहोळपर्यंत रडत होते, पंढरपुरात चहा प्यायले आणि पुढे परत रडले. रात्री जेवले. पुष्कळ जेवले. आज सकाळी परत रडले. हे असंच चालणार आहे असं दिसतंय, चालू दे. संध्याकाळी हात मोबाइलकडे गेला तेव्हा बातमी बाहेरून आली नाही, आतून आली. लई दुखलं. पण माझंच होतं.

तुम्ही अक्काला काय म्हणालात ते मला विचारायचं होतं. नका सांगू.

शिवूला सांगा, गवंड्याला बोलाव. तो दगड आता बसवला तरी चालेल.

तुमची,
भुवी